खुर्चीत बसून ऐकायचा नाच

चेलो एकटाच बोलू लागतो. खर्जाच्या बाजूने आलेलं एक छोटंसं वाक्य, आर्जवाचं, थोडं बिचकत म्हटलेलं. क्लॅरिनेट आणि तिच्या आसपासची वाद्यं त्यावर काहीतरी टाळाटाळीचं उत्तर देतात. चेलो पुन्हा विचारतो, या वेळी जरा आग्रहाने. होकार मिळतो, दोघांचं थोडं बोलणं होतं, आणि पुढच्या क्षणी सगळा वाद्यवृंद वॉल्ट्झच्या गिरक्या घेऊ लागतो. काही मिनिटांनी दणदणीत शेवट होतो. सभागृहात टाळ्या पडतात, आणि त्या टाळ्यांखाली चेलो पुन्हा बोलू लागलेला असतो. तरुण तरुणीला तिच्या जागेवर पोचवायला आलाय, आभार मानतोय, तीही दोन शब्द बोलतेय. श्रोते ओशाळून हात आवरतात.

ही रचना कार्ल मारिया फोन वेबर या जर्मन संगीतकाराने १८१९ साली पियानोसाठी लिहिली. नाव ‘नृत्याचं आमंत्रण’. आपल्या पत्नीला, कॅरोलिनला ती वाजवून दाखवताना कुठला स्वर तरुणाचा, कुठला तरुणीचा, हे त्याने समजावून सांगितलं होतं. पुढे १८४१ मध्ये फ्रेंच संगीतकार बर्लिओझने ती वाद्यवृंदासाठी मांडली. तरुणाचे शब्द चेलोला मिळाले ते तेव्हा. चुकीच्या जागी टाळ्या पडण्याचा प्रकार या रचनेच्या नशिबी तेव्हापासून आहे, आणि मला त्यात श्रोत्यांचा दोष वाटत नाही. नाचघरात माणसं उभी असती, तर जोडीला जागेवर परतताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असतं. खुर्चीत बसलेल्याला पाहायला कुणी नाही. नाचणारे सगळे सुरांत गेलेत.

वॉल्ट्झची धून वेबरच्या आधीही लिहिली जात होती, पण ती नाचायला. ऐकायला म्हणून लिहिलेला पहिला महत्त्वाचा वॉल्ट्झ हा. नाच जेव्हा नाचघरातून सभागृहात येतो तेव्हा संगीतकारापुढे एक अडचण असते. पाय आता जमिनीवर पडणार नाहीत. ते वाद्यांतच कुणाला तरी टाकायला लावावे लागतात. या प्रकरणात आपण त्या पायांचा माग काढणार आहोत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: नृत्यावर बेतलेलं वाद्यवृंदाचं संगीत ऐकताना धून आपोआप कानात शिरते, तिची काळजी करू नये. कान द्यावा तो खालच्या रांगेकडे. डबल बास, व्हिओला, दुसऱ्या फळीची व्हायोलिनं, मागे बसलेला ताशेवाल्यासारखा माणूस, यांच्याकडे. नाच तिथे असतो.

ऑर्केस्ट्रा हा शब्द आपल्याकडे चित्रपटगीतांच्या स्टेज-शोला चिकटलाय, म्हणून एक खुलासा करतो. इथे तो सिंफनी वाजवणाऱ्या सत्तर-ऐंशी वादकांच्या ताफ्यासाठी वापरलाय. यात पन्नासेक माणसं नुसती गजाची वाद्यं वाजवतात.

नाच बसून ऐकण्याची सवय युरोपला वेबरच्या कितीतरी आधी लागली होती. साराबांद नावाचा नाच स्पेनमध्ये इतका उच्छृंखल मानला गेला की १५८३ साली त्यावर बंदी आली. तोच नाच पुढे फ्रान्सच्या दरबारात पोचेपर्यंत संथ आणि गंभीर झाला, आणि बाखने तर आपल्या वाद्यसंगीतात त्याला जवळजवळ प्रार्थनेचं रूप दिलं. मिन्युएटचंही तसंच. हायडनच्या बहुतेक सिंफनींत तिसरा भाग मिन्युएटचा असतो. मिन्युएट म्हणजे तीन मात्रांचा, अदबीचा, पावलं मोजून टाकायचा दरबारी नाच. सिंफनी ऐकायला आलेल्या माणसाने आयुष्यात केव्हातरी तो नाचलेला असायचा. त्यामुळे हायडनने मध्येच एखादी मात्रा लांबवली की त्या माणसाच्या पायालाच ठेच लागे. आपण मिन्युएट नाचलेलो नाही, म्हणून त्यातला बराचसा मिश्कीलपणा आपल्याला शोधावा लागतो.

बीथोव्हेनने मिन्युएटला बाजूला सारलं, पण नाच सोडला नाही. त्याची सातवी सिंफनी ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात प्रथम वाजली. हानाऊच्या लढाईतल्या जखमी सैनिकांच्या मदतीसाठी तो कार्यक्रम होता आणि वाद्यवृंदापुढे बीथोव्हेन स्वतः उभा होता. दुसरा भाग लोकांना इतका भिडला की तो पुन्हा वाजवावा लागला. या भागात धून म्हणावी असं सुरुवातीला जवळजवळ काही नाही. एकाच स्वरावर एक पावली पडत राहते: गुरू, लघू, लघू, गुरू, गुरू. शाळेत वृत्तं शिकलेल्या मराठी माणसाने हे बोटांवर मोजून पाहावं. भगण आणि पुढे दोन गुरू. ही पावली उचलतात व्हिओला, चेलो आणि डबल बास. वरच्या पट्टीची व्हायोलिनं तोवर गप्प बसून असतात. दुसऱ्या फेरीला दुसरी व्हायोलिनं ती घेतात, तिसऱ्या फेरीला पहिली, आणि मग सुषिर वाद्यं. एखादी मिरवणूक लांबून येताना आधी जमिनीतून कळावी, मग दिसावी, तशी ती खालून वर चढत येते. या सिंफनीला संगीतकार वाग्नरने नृत्याचा परमोत्कर्ष म्हटलं होतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला या संथ, काळोख्या भागापाशी ते पटत नाही. पण नाच म्हणजे उत्साह, हे समीकरण आपण मनातून काढलं की पटतं. माणसं दुःखातही ठेक्यात चालतात.

आता वॉल्ट्झ. याच्यापाशी थोडा वेळ थांबायला हवं.

वॉल्ट्झचा ठेका लहान मूलही म्हणू शकेल: धम्-चक-चक, धम्-चक-चक. तीन मात्रा, पहिलीवर जोर. वाद्यवृंदात हे काम वाटून दिलेलं असतं. ‘धम्’ डबल बासचा. ‘चक-चक’ दुसऱ्या फळीच्या व्हायोलिनांचा, व्हिओलांचा आणि हॉर्नचा. धून सहसा पहिली व्हायोलिनं आणि बासरी-क्लॅरिनेटसारखी वाद्यं घेऊन जातात. म्हणजे दुसऱ्या फळीतला वादक आख्खी संध्याकाळ पहिली मात्रा सोडून देतो आणि दुसरी-तिसरी वाजवतो. श्वास घेऊन थांबायचं, चक-चक, पुन्हा थांबायचं. कुणाला हे हमालीचं काम वाटेल. व्हिएन्नात मात्र वॉल्ट्झ जमला की नाही, हे याच माणसांवरून ठरवतात.

कारण व्हिएन्नाचा ‘चक-चक’ सरळ नाही. तिथले वादक दुसरी मात्रा किंचित लवकर टाकतात, म्हणजे तिच्यानंतर तिसरीच्या आधी एक बारीकशी फट राहते. गिरकी घेताना शरीर आधी झुकतं आणि मग तोल सावरतं, ते झुकणं या फटीत असतं. हे स्वरलिपीत लिहिलेलं नसतं. तिथे तीनही मात्रा सारख्या मापाच्या दिसतात. दादऱ्याचे बोल वहीत उतरवून घेतले म्हणून दादरा हातात येत नाही, तसंच हे. व्हिएन्नाबाहेरचे वाद्यवृंद जेव्हा ही लकब मुद्दाम करायला जातात तेव्हा ती बहुधा लंगडण्यासारखी ऐकू येते. शेजारी बसून पिढ्यान्‌पिढ्या उचललेल्या गोष्टी अशाच असतात.

योहान स्ट्राउस याच शहरात १८२५ साली जन्मला. वडीलही योहान, तेही नाचाच्या बँडचे नामांकित प्रमुख, आणि मुलाने या धंद्यात पडू नये असं त्यांना मनापासून वाटे. मुलगा पडला, आणि त्याने नाचघरातल्या वॉल्ट्झला सिंफनीच्या शेजारी नेऊन बसवलं. ‘निळ्या डॅन्यूबच्या काठी’ हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध वॉल्ट्झ १५ फेब्रुवारी १८६७ रोजी व्हिएन्नात प्रथम सादर झाला, तोही पुरुषांच्या गायकवृंदाकडून. आदल्याच वर्षी ऑस्ट्रियाचा प्रशियाकडून दारुण पराभव झाला होता आणि शहर खचलेलं होतं. नुसत्या वाद्यवृंदाच्या रूपात ही रचना त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात वाजली आणि तिथून जगभर गेली. तिची सुरुवात मुद्दाम ऐका. व्हायोलिनांची हलकी थरथर, त्यावर हॉर्नने चाचपडत घेतलेले तीन-चार स्वर. नदीवर अजून धुकं आहे. नाचायला आलेल्यांसाठी एवढी लांब प्रस्तावना कुणी लिहीत नाही. ही बसून ऐकणाऱ्यांसाठी आहे. मग एकामागून एक पाच वॉल्ट्झ येतात आणि शेवटी सगळ्यांची आठवण काढणारा समारोप.

व्हिएन्ना फिलहार्मोनिक दर १ जानेवारीला म्युझिकफेराइनच्या सोनेरी सभागृहात जी मैफल करते, तिचा मुख्य मजकूर हाच: वॉल्ट्झ, पोल्का, मार्च. आज ती जगभर दूरचित्रवाणीवर पाहिली जाते. तिचा जन्म मात्र आनंदाचा नाही. पहिली मैफल ३१ डिसेंबर १९३९ रोजी झाली. ऑस्ट्रिया तेव्हा नाझींच्या ताब्यात होता, युद्ध सुरू झालेलं होतं, आणि त्या मैफलीचं उत्पन्न नाझींच्या युद्धकाळातल्या हिवाळी मदतनिधीला गेलं. इतक्या निर्मळ संगीतामागे असा दिवस आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असावं असं मला वाटतं. त्याने वॉल्ट्झ डागाळत नाही. पण तो कुणाकुणाच्या हातून आपल्यापर्यंत आला, ते विसरूही नये.

या मैफलीचं संचालन आपल्या मुंबईच्या एका माणसाने पाच वेळा केलंय. झुबिन मेहता: १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५. त्यांचा जन्म मुंबईत १९३६ सालचा. वडील मेहली मेहता स्वतः व्हायोलिनवादक, १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. झुबिन १९५४ साली व्हिएन्नाला शिकायला गेले. तिथे संचालनाबरोबर त्यांनी कोणतं वाद्य उचललं? डबल बास. म्हणजे वॉल्ट्झचा ‘धम्’ त्यांनी विद्यार्थिदशेत, व्हिएन्नातच, स्वतःच्या हाताने वाजवलाय. नववर्षाच्या मैफलीत ते स्ट्राउस वाजवून घेतात तेव्हा त्यांची छडी कित्येकदा नुसती हवेत तरंगत असते, मात्रा मोजून दाखवण्याच्या फंदात ती पडत नाही. खालच्या रांगेवर विश्वास टाकायला खालच्या रांगेत बसून आलेला माणूसच लागतो, असं मला ते पाहताना नेहमी वाटतं.

मैफलीच्या शेवटी थोरल्या स्ट्राउसचा ‘राडेट्स्की मार्च’ वाजतो आणि संचालक श्रोत्यांकडे वळतो. इतका वेळ हातावर हात ठेवून बसलेली माणसं आता ठेक्यात टाळ्या वाजवतात, कुठे हळू, कुठे जोरात, त्याच्या इशाऱ्याप्रमाणे. खुर्चीतल्या माणसाला अखेर काहीतरी करायला मिळतं.

व्हिएन्नापासून उत्तरेला, प्रागजवळच्या नेलाहोझेवेस गावात खाटकाचा आणि खानावळीचा धंदा करणाऱ्या घरात आंतोनीन द्वोर्झाक वाढला. तरुणपणी तो प्रागमध्ये नाचाच्या बँडमध्ये व्हिओला वाजवायचा, पुढे नाटकगृहाच्या वाद्यवृंदातही तेच वाद्य. वाचकांच्या लक्षात आलंच असेल, पुन्हा ‘चक-चक’वाला. संगीतकार ब्राम्सने त्याचं नाव आपल्या बर्लिनच्या प्रकाशकाला, सिमरॉकला सुचवलं, आणि सिमरॉकने ब्राम्सच्या ‘हंगेरियन नृत्यां’च्या धर्तीवर काहीतरी मागितलं. त्यातून १८७८ साली आठ ‘स्लाव्होनिक नृत्यं’ झाली. ब्राम्सने प्रचलित धुना घेऊन त्यांची मांडणी केली होती. द्वोर्झाकने धुना आपल्याच रचल्या, लोकांकडून घेतला तो फक्त ठेका.

आठांतलं पहिलं नृत्य फ्युरियांट जातीचं आहे. ते ऐकण्याआधी मांडीवर हाताने एवढं वाजवून पाहा: एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. प्रत्येक ‘एक’वर जोर. बेरीज बारा, म्हणजे तीन मात्रांची चार आवर्तनं. पण आत हिशेब वेगळा. आधी दोन-दोनचे तीन तुकडे आणि मग तीन-तीनचे दोन. तबला ऐकणाऱ्या कानाला ही गंमत नवी नाही, समेवर येण्याआधी वेगळ्याच मापाने मात्रा कापत जाणं आपण रोज ऐकतो. बोहेमियातला शेतकरी हे पायांनी करायचा. द्वोर्झाकने सगळ्या वाद्यवृंदाला ते एकदम करायला लावलं, झांजांसकट, पहिल्याच क्षणापासून. तिथे कुणी ठेका धरून बसलेलं नाही, सगळेच नाचतायत. व्हिओलावाल्याला त्याच्या आयुष्यातला हा मोठा दिवस वाटत असणार.

आणि आता मॉरिस रावेल, ज्याने नाच सभागृहात आणला आणि त्याचं टोक गाठलं.

व्हिएन्नाच्या वॉल्ट्झला मानवंदना देणारी रचना त्याच्या मनात १९०६ पासून घोळत होती. मध्ये महायुद्ध झालं. रावेल स्वतः लष्करी मालमोटार चालवून आला. १९२० मध्ये ‘ला व्हाल्स’ पुरी झाली तेव्हा ती मानवंदना राहिली नव्हती. ढगांतून एक नाचघर दिसू लागतं, झुंबरं उजळतात, जोड्या फिरू लागतात, आणि फिरता फिरता ठेका इतका अनावर होतो की शेवटी वॉल्ट्झच मोडून पडतो. अखेरच्या ठिकाणी तीन मात्रांऐवजी चार सारखे घाव बसतात. ज्या बॅले कंपनीसाठी ही रचना लिहिली त्या कंपनीच्या प्रमुखाने, दियागिलेव्हने, ऐकून सांगितलं की कृती थोर आहे पण हा बॅले नव्हे. रावेलला ते फार लागलं. दोघांचे संबंध तुटले. रचना सभागृहातच राहिली, आणि तिथे ती अजून अंगावर काटा आणते.

आठ वर्षांनी नर्तकी इडा रुबिनस्टाइनने त्याच्याकडे स्पॅनिश ढंगाचा बॅले मागितला. स्पॅनिश संगीतकार अल्बेनिझच्या पियानोरचना वाद्यवृंदासाठी मांडून द्याव्यात, असं रावेलच्या मनात होतं, पण ते हक्क आधीच दुसऱ्याकडे गेलेले निघाले. मग त्याने स्वतःच एक धून रचली आणि ठरवलं की ती वाढवायची नाही, विस्तारायची नाही, फक्त पुन्हा पुन्हा वाजवायची. ‘बोलेरो’ २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिसच्या ऑपेरात प्रथम रंगमंचावर आला. नृत्यरचना ब्रॉनिस्लावा निजिन्स्काची. वेबरच्या त्या ‘आमंत्रणा’वर १९११ साली ज्याने गुलाबाचं भूत नाचून दाखवलं, त्या निजिन्स्कीची ही बहीण.

‘बोलेरो’ला दोन नायक. एक धून, जिचे दोन भाग आहेत. आणि दुसरा साइड ड्रम, ज्याला एकच भाग आहे. दोन आवर्तनांचा एक ठेका, चोवीस आघातांचा. पहिल्या आवर्तनात दहा, दुसऱ्यात चौदा. हा ठेका तो १६९ वेळा वाजवतो. म्हणजे चार हजारांहून जास्त आघात, पंधरा-सोळा मिनिटं, एकाच लयीत, एकदाही न थांबता, आणि आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत तसूतसूने वाढवत. काही वाद्यवृंद या वादकाला मागून उचलून मधोमध, संचालकासमोर बसवतात.

हे मी मुंबईत एन.सी.पी.ए.च्या जमशेद भाभा नाट्यगृहात, बाल्कनीतून, दुर्बीण लावून पाहिलंय. सुरुवातीला वादकाच्या काठ्या ड्रमच्या मध्यभागी नव्हत्याच. कडेला, जिथे चामडं ताठ असतं आणि आवाज सर्वांत बारीक निघतो, तिथे त्या कशाबशा टेकत होत्या. खांदे हलत नव्हते, कोपर हलत नव्हतं, फक्त मनगटाच्या पुढे काहीतरी चालू होतं. बाजूला व्हिओला आणि चेलो बोटांनी तारा छेडून मात्रा मोजत होते, मुख्यतः षड्ज आणि पंचम. या दोघांवर मग एकटी बासरी आली. पुढच्या दहा मिनिटांत त्या काठ्या कडेवरून मध्याकडे सरकत गेल्या, इतक्या हळू की सरकताना एकदाही पकडता आल्या नाहीत. घड्याळाच्या तासकाट्यासारख्या.

धून मात्र दर फेरीला वाद्य बदलते. बासरी, क्लॅरिनेट, मग बसून हे वाद्य आपल्या सर्वांत उंच पट्टीत, जणू टाचा उंचावून. पुढे सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन. एका फेरीची गोष्ट मला खास करून सांगायची आहे. तिथे हॉर्न धून वाजवतो, चेलेस्टा नावाचं घंटेसारख्या नादाचं पेटीवाद्य त्याला साथ करतं, आणि दोन छोट्या बासऱ्या तीच धून वेगळ्या पट्ट्यांत, एक पंचमावरून आणि एक गांधारावरून, फार हळू वाजवत असतात. कागदावर पाहिलं तर तीन पट्ट्या एकमेकांवर आदळायला हव्यात. कानाला तसं काही जाणवत नाही. कुठलंतरी न पाहिलेलं एकच वाद्य वाजतंय असं वाटतं. तानपुऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून स्वयंभू गांधार आणि पंचम ऐकू येतात, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. रावेलने तेच केलंय. हॉर्नच्या स्वरात निसर्गतः दडलेले स्वर त्याने बाहेर काढून वेगळ्या वाद्यांना दिले. पाश्चात्त्य श्रोत्याला हे ध्वनिशास्त्रातून समजावून द्यावं लागतं. तानपुऱ्याजवळ वाढलेल्याला नुसतं दाखवून दिलं तरी पुरे.

ठेका धरणारा ड्रमवाला मात्र एकटा पडत नाही. दर फेरीला कुणी ना कुणी धून सोडून त्याच्या शेजारी येतं आणि त्याचा ठेका आपल्या वाद्यावर धरतं, कधी बासरी, कधी हॉर्न, कधी ट्रंपेट. शेवटी दुसरा साइड ड्रमही येऊन मिळतो. सगळी रचना षड्ज न सोडता चाललेली असताना, अगदी अखेरीस, रावेल षड्जच उचलून गांधारावर ठेवतो. जेमतेम आठ आवर्तनं. सभागृहात श्वास रोखल्याचा आवाज होतो. मग सगळं मूळ जागी कोसळतं, आणि इतका वेळ नुसते बसून असलेले मोठा ढोल, झांजा आणि गाँग यांना पहिल्यांदा आणि शेवटचं वाजवायला मिळतं.

ही रचना जलद वाजवू नये याबद्दल रावेल फार कडवा होता. १९३० च्या मे महिन्यात संचालक तोस्कानिनीने पॅरिसमध्ये ती आपल्या लयीत, भराभर घेतली, तेव्हा रावेलने नाराजी लपवली नाही. बरोबरच होतं त्याचं. लय वाढवून जी उत्तेजना मिळते ती उसनी. इथे लय तसूभरही हलत नाही आणि तरी आपण खुर्चीच्या कडेवर येतो.

आपल्या किनाऱ्यावरही युरोपचे नाच आले, आणि ते पाहुण्यासारखे राहिले नाहीत. गोव्यातला मांडो एकोणिसाव्या शतकात तिथल्या ख्रिस्ती जमीनदारांच्या दिवाणखान्यांत रुजला: सहा मात्रांचा, संथ, हातात पंखे घेऊन नाचायचा, व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीवर. चर्चच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली गोव्याची मुलं पुढे मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत गेली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आपल्या चित्रपटगीतांत तीनच्या ठेक्यातला जो झोका आहे, त्याच्या ‘चक-चक’ला यांचे गज लागलेत. पडद्यावर नाव नायकाचं, नायिकेचं, गायकाचं. दुसऱ्या फळीतला व्हायोलिनवाला श्रेयनामावलीत क्वचितच दिसतो.

अलीकडच्या रचनांपैकी एकीचं नाव घेतो: मेक्सिकोच्या आर्तुरो मार्केसची ‘दान्सोन क्रमांक दोन’, १९९४ ची. दान्सोन हा क्यूबातून मेक्सिकोत आलेला जोडीने नाचायचा नाच. याच्यात एक सुंदर रीत आहे. धून मध्येच थांबल्यासारखी होते तेव्हा जोड्या नाचत नाहीत, उभ्या राहतात, पंख्याने वारा घेतात, बँड ऐकतात आणि मग पुन्हा पावलं टाकतात. म्हणजे ऐकणं हा तिथे नाचाचाच भाग आहे. मार्केसच्या रचनेत सुरुवातीला दोन लाकडी दांडक्यांची टकटक आणि एक क्लॅरिनेट ठळक ऐकू येतात. ती टकटक सोडू नका. तिच्यावरच पुढचा सगळा डोलारा उभा आहे.

मुंबईत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद आहे, त्याच जमशेद भाभा नाट्यगृहात तो वाजवतो, आणि नृत्यावरच्या रचना त्याच्या कार्यक्रमांत येत असतात. कधी जाणार असाल तर पुढच्या रांगेची महागडी जागा घेऊ नका. तिथून पहिली व्हायोलिनं आणि संचालकाची पाठ दिसते. बाल्कनीत बसा. डबल बास, व्हिओला आणि साइड ड्रमवाल्याचं मनगट तिथूनच दिसतं.